रंगवलेला इस्तो

फोनवर मला माझ्या नावानं विचारतात ती बहुधा बँकेची नाहीतर विम्याची माणसं. कामाचा फोन असला की पलीकडून येतं, "इस्तोवाल्या बाई तुमीच ना?" इस्तो म्हणजे विस्तव. आमच्या वर्धा जिल्ह्यात चुलीतला, शेकोटीतला, बिडीच्या टोकावरचा, सगळा इस्तोच. मी तो रंगवते. प्लायवूडच्या पाटीवर बोटभर माणसं, मूठभर घरं आणि मध्ये कुठेतरी काहीतरी पेटलेलं, अशा प्रतिकृती मी करते. आत बल्ब नसतो, वायर नसते. हात लावला तर थंडगार. तरी पाहणारे हात लावण्याआधी जरा कचरतात, आणि ते कचरणं हीच आपली कमाई, असं मी समजत आले आहे.

नोकरी मात्र मी सरकारी कार्यालयात अनुरेखक म्हणून केली. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं तीच रेघ पुन्हा ओढायची, हे माझं काम. त्यात उजेड-सावली हा प्रकारच नाही. धरण असो की संडास, सगळ्यांची रेघ सारखीच काळी. त्यामुळे असेल, घरी महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्यापुढच्या देखाव्यात मी हौसेनं उजेड करायला लागले. एका वर्षी मातीचं खेडं केलं, त्यातल्या एका घरात बोटाच्या पेराएवढी चूल मांडली आणि चुलीत रंगानं जाळ केला. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीनं आपल्या लेकीचा हात झटकन मागे ओढला, "भाजशीन ना वं." त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

आग रंगवणं सोपं, असं सगळ्यांना वाटतं. तुम्हीच करून पाहा. लहान असो की मोठा, माणूस आधी लाल रंग उचलतो, मधोमध लाल भरतो आणि टोकांना पिवळा लावतो. आता येत्या होळीला जाळाकडे नीट पाहा. लाकडांच्या पोटाशी, जिथे ताप सगळ्यांत जास्त, तिथे जाळ पिवळट पांढरा असतो. वर चढता चढता तो नारिंगी होतो, आणि लाल दिसतो तो टोकाशी, विझता विझता. म्हणजे आपण समजतो त्याच्या बरोब्बर उलटा कारभार. जाळासाठी मी कापूस वापरते, त्याला आमच्याकडे तोटा नाही. चिमूटभर कापूस पिंजायचा, डिंकाच्या पाण्यात बुडवून वर ओढायचा, सुकला की त्याच्या जिभा तशाच उभ्या राहतात. मग आतून बाहेर रंग गडद करत न्यायचा.

पण जाळ म्हणजे निम्मंही काम नाही. खरी गंमत आहे ती त्याचा उजेड कुठे पडतो त्यात. चूल जमिनीवर असेल तर उजेड खालून येणार. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, तळहातांवर, लुगड्याच्या काठावर. टोपीच्या माथ्यावर चुकून एक नारिंगी ठिपका पडला तर काय बिघडलं हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण त्याच्यापुरती आग विझलेली असते. आणि आजूबाजूला अंधार हवाच. पिवळा रंग कितीही लखलखीत घ्या, शेजारी पांढरी भिंत असली तर तो नुसता डाग दिसतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त लागतो तो काळपट निळा रंग. आग रंगवणारी बाई दर खेपेला तोच काय नेते, याचं रंगाच्या दुकानदाराला अजून नवल वाटतं.

या धंद्यापायी मला एक खोड लागली. जिथे पेटलेलं दिसेल तिथे मी थांबते. लग्नात सगळे नवरीकडे पाहतात, मी होमापुढे पाठमोऱ्या बसलेल्या भटजींच्या कानाची पाळी पाहत असते. मागून उजेड आला की ती डाळिंबाच्या दाण्यासारखी आरपार लाल दिसते. फुटाणेवाल्याची भट्टी, इस्त्रीवाल्याचे कोळसे, रस्त्याकडेचा पेटलेला कचरा, मला काहीही चालतं. आमचे हे अशा वेळी चार पावलं पुढे निघून जातात, ओळखच नसल्यासारखे. एकदा भर उन्हात अंगणात मेणबत्ती लावून बसले होते, ज्योतीची स्वतःची सावली पडते का ते पाहायला. पडते. अगदी पुसट आणि थरथरती. या माहितीचा उपयोग काय झाला म्हणाल, तर आजवर काहीही नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. कारंज्याला, म्हणजे घाडग्यांच्या कारंज्याला, हायवेवर एक ढाबेवाले आहेत. त्यांना आपल्या ढाब्याची प्रतिकृती गल्ल्यावर ठेवायची होती, पेटलेल्या तंदूरसकट. मी संध्याकाळची वेळ धरली, खाटा-टेबलं अंधुक ठेवली, तंदूरच्या तोंडाशी झगझगीत उजेड केला आणि रोटी लावायला वाकलेल्या माणसाचं तोंड तांबूस केलं. माझ्या मते ते फार छान जमलं होतं. ढाबेवाल्यांचं तोंड मात्र उतरलं. "माह्या ढाब्यावर अंधार काऊन केला, मॅडम? लोकायले वाटंन, लाईट कापली." त्यांना लख्ख दिवस हवा होता आणि तंदूरही झळाळता हवा होता. मी परोपरीनं समजावलं. चहा आला, पुन्हा चहा आला. शेवटी त्यांनी वैतागून आपला दुपट्टा प्रतिकृतीवर टाकला, आणि टाकता टाकता खालून डोकावले. मग बराच वेळ तसेच वाकून राहिले. आता ती प्रतिकृती गल्ल्याखालच्या कप्प्यात आहे. पाहायचं तर प्रत्येकाला वाकावं लागतं, आणि ट्रकवाले रांग लावून वाकतात असं ते मला फोन करून सांगतात.

अलीकडे अशी कामं कमी झाली आहेत. लुकलुकणारे बारके दिवे बाजारात मिळतात, ते चुलीत खुपसले की लोकांचं भागतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. वाईट मात्र वाटतं, कारण दिवा लावला की उजेड कुठे पडतो हे कुणाला पाहावं लागत नाही. तो आपला पडतो.

एका माणसाला मात्र तो दिवा चालत नव्हता, आणि त्याच्यामुळेच हे लिहायला बसले.

आर्वी तालुक्यातल्या रोहण्याहून वासुदेवभाऊंचा फोन आला. शेतकरी माणूस, पन्नाशीचे असतील. त्यांना रोडग्यांच्या पंगतीची प्रतिकृती हवी होती, वडिलांसाठी. वाचक पुण्या-मुंबईकडचा असेल तर सांगते. रोडगे म्हणजे कणकेचे थर एकात एक मिटवून केलेले जाड गोळे. नवस फेडायचा असला की आमच्याकडे देवळापाशी, नाहीतर गिरडसारख्या ठिकाणी टेकडीखाली, गोवऱ्यांचा ढीग पेटवतात, त्याचे निखारे झाले की त्यात रोडगे भाजतात, राख झटकतात, आणि वांग्याच्या भाजीबरोबर, वरणाबरोबर सगळं गाव जेवतं. काम दिसतं सोपं, पण सगळी मदार एका क्षणावर असते. निखाऱ्यात रोडगे टाकायचे कधी? लवकर टाकले तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. उशीर झाला तर भाजतच नाहीत. वासुदेवभाऊंचे वडील, ज्यांना सगळे आबाजी म्हणतात, ते हा क्षण ओळखणारे. जवळपासच्या कुठल्याही गावात पंगत असली की त्यांना न्यायला माणूस येई. आबाजी ढिगाकडे पाहत उभे राहत, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही रोडगा आत जात नसे.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, मधोमध पुसत गेल्यासारखे. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या पंगतीत ढीग त्यांना राखेनं झाकलेला दिसला, त्यांनी मान हलवली, आणि ढीग होता लालभडक. घाणेच्या घाणे करपले. लोकांनी वरचा कोळसा खरवडून निमूट खाल्लं, काहींनी हळूच बैलांपुढे टाकलं. कुणी एक शब्द बोललं नाही. पण त्यानंतर न्यायला माणूसही आला नाही. आबाजी त्यानंतर भिंतीकडे तोंड करून जे निजले ते उठेचनात. जेवण आलं की जेवायचं, पुन्हा भिंत. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. वासुदेवभाऊंनी आधी विजेवर जळणारी शोभेची शेकोटी आणून पाहिली. दिव्याकडे पाहिलं की आबाजींना सगळं पांढरंफटक व्हायचं. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

"त्याले रंगाचा इस्तो दिसंन का, ताई?" वासुदेवभाऊंनी विचारलं. "एकडाव दिसला तं तो उठून बसंन, असं मले वाटते."

मला माहीत नव्हतं. डोळस माणसाच्या डोळ्याला कसं फसवायचं ते मला येतं, अर्धवट डोळ्याचं मी काय सांगणार. पण खरं सांगते, मला त्या माणसाच्या दुःखाइतकंच कुतूहलही वाटलं. दिव्याचा उजेड ज्याला सहन होत नाही त्याला उजेडाचा रंग दिसेल का, हे मला कळायलाच हवं होतं. मी पुठ्ठ्याचे तुकडे रंगवले, कुठे पिवळ्याशेजारी काळा, कुठे नारिंगीशेजारी राखाडी, आणि एका सकाळी रोहण्याला गेले.

आबाजी भिंतीकडे तोंड करूनच होते. वासुदेवभाऊंनी माझ्या सरकारी नोकरीसकट ओळख करून दिली, मी त्या पाठीलाच नमस्कार केला. मी पुठ्ठे खिडकीत मांडून बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून मला खरंच पडलेला प्रश्न विचारला: रोडगे टाकायच्या वेळी निखारा लाल असतो की राखाडी?

मग भिंतीकडूनच आवाज आला. "लाल दिसला तं कच्चा."

मी म्हटलं, म्हणजे पूर्ण राखाडी झाल्यावर?

"राखाडी झाला तं मेला." आता ते वळले. "गोवरी पाह्यली का कदी जवळून? वरतून राखीची गोधडी घेते ते. अन् चिरीतून आतला लाल दिसते, बारीक. झोपलेल्या लेकराचा डोया अर्दा उघडा राह्यते ना, तसा. तवा टाकाचे." मग ते थांबले आणि म्हणाले, "बाई, गोवऱ्या रंगवाले सरकार पगार देत होतं का तुले?"

घरात हसू फुटलं. सून स्वयंपाकघरातून दाराशी येऊन उभी राहिली. पुष्कळ दिवसांत आबाजी चेष्टेनं बोलले नव्हते, असं तिनं मला नंतर सांगितलं. मी एकेक पुठ्ठा त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. मधलं त्यांना दिसतच नव्हतं. मान कोंबडीसारखी वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहायचे. राखाडीतली बारीक लाल चीर त्यांना दिसली नाही. नारिंगीही दिसला नाही. दिसला फक्त एक, काळ्याकुट्टातला लख्ख पिवळा.

माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. रोडग्यांचा खरा इस्तो, जो ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तो नेमका त्यांना न दिसणारा. आणि जो दिसतो तो कच्चा, रोडगे जाळणारा. घरी येऊन मी पुष्कळ डोकं चालवलं. राखेला किंचित निळी छटा देऊन पाहिली, चिरा रुंद करून पाहिल्या. शेवटी मनाशी म्हटलं, दिसणं महत्त्वाचं. वापरलेली चहापत्ती डिंकात कालवून गोवऱ्या थापल्या. सगळ्या आधी पिवळट पांढऱ्या रंगवल्या, मग कोरड्या कुंचल्यानं वरवर काळा फिरवला, म्हणजे भेगा आतून पेटलेल्या राहिल्या. भोवती तिन्हीसांजेचा निळा अंधार केला. पंगतीला बसलेली माणसं, वांग्याच्या भाजीचा गंज म्हणजे पातेलं, परात, आणि ढिगाजवळ काठी धरून उभा असलेला एक उंच माणूस, ज्याच्या फक्त हनुवटीवर आणि पोटऱ्यांवर उजेड होता. वासुदेवभाऊंना पंगत हवी होती, म्हणून निखाऱ्यांत मिरीएवढे रोडगेही बसवले. आबाजींना ते कुठे दिसणार, असा माझा हिशेब.

प्रतिकृती रोहण्याला नेली तेव्हा दुपार कलली होती. ओसरीवर स्टूल ठेवलं, उन्हाकडे पाठ करून. सुनेनं आबाजींना हात धरून आणलं. ते नाखुशीनंच आले, बसले. वासुदेवभाऊ खांबाला टेकून उभे राहिले आणि आपल्याच बोटांची नखं पाहू लागले. परीक्षेलाही मी इतकी घाबरले नव्हते.

आबाजींनी मान वाकडी केली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. जवळ सरकले. मग एकदम थबकले. हळूच उजवा हात पुढे आला आणि ढिगाच्या वर, वीतभर उंचीवर, तळवा खाली करून थांबला. तो हात तसाच होता, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रोडगे कोनं टाकले?"

मी म्हटलं, मी टाकले, आबाजी.

"काढ ते. जळून राह्यले."

वासुदेवभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा, रंग हाय तो." आबाजी त्यांच्याकडे वळलेही नाहीत. "मले मालूम हाय रंग हाय. म्हनून का जाळाचे?"

मी पिशवीतून चिमटा काढला आणि एकेक रोडगा उपटायला लागले. डिंकानं चिकटलेले होते, गोवऱ्यांचे कपचे घेऊन निघत होते, आणि आबाजी मान वाकडी करून, इथं एक राहिला, डावीकडे अजून एक हाय, असं सांगत होते. मिरीएवढे रोडगे काही त्यांना दिसत नसणार. झळाळत्या पिवळ्यावर कुठे काळं पडलंय ते दिसत असावं. इतक्या वर्षांत माझ्या कामाची इतकी मोठी पावती मला मिळाली नव्हती, आणि ती काम चुकल्याबद्दल मिळत होती. काढलेले रोडगे मी परातीत, पंगतीच्या बाजूला, रचून ठेवले. उपटलेल्या जागी तिथल्या तिथे रंग लावला.

निघताना मी वासुदेवभाऊंना बाजूला घेऊन म्हटलं, मी परत नेते, राखेची गोधडी घालून इस्तो बेताचा करते, म्हणजे रोडगे टाकता येतील. आबाजी म्हणतात तसा खरा होईल.

ते ओसरीकडे पाहत राहिले. "मंद केला तं त्याले दिसंन का?"

नाही दिसणार, मी म्हटलं.

"मंग राहू द्या, ताई."

तसाच राहिला. मला तो अजून टोचतो, कारण जाणत्या माणसाच्या दारात मी चुकीचा इस्तो ठेवून आले, आणि दुरुस्त करायची मला मुभा नाही. दिवाळीच्या तोंडावर आर्वीला काम होतं, तेव्हा वाट वाकडी करून रोहण्याला गेले. आबाजी ओसरीवर होते. स्टूल समोर होतं, पाठ भिंतीकडे. शेजारचे दोघे म्हातारे बाजूला बसून तंबाखू मळत होते, आणि आबाजी त्यांना कुठल्याशा जुन्या पंगतीत वारा कसा फिरला ते सांगत होते. मी आवाज दिला, त्यांनी मला ओळखलं. परातीतले रोडगे होते तिथेच होते, बाहेरच. पंगतीतली माणसं रिकाम्या पत्रावळींपुढे बसलेली.

मी थट्टेनं विचारलं, "काय आबाजी, टाकायचे का आता रोडगे?"

त्यांनी मान वाकडी करून ढिगाकडे पाहिलं, चांगलं निरखून, जणू एखाद्या गावानं त्यांना त्यासाठीच बोलावून आणलं असावं.

"थांब वं बाई," ते म्हणाले. "इस्तो अजून कडक हाय. अन् तुले घाई कायची पडली? लोक आता कुठं येऊन राह्यले."